टप्प्यात आलेले सांबर

वैशाखात आम्हा घाटावरच्या शेतकऱ्यांना थोडी उसंत मिळते. कांदा वखारीत पडलेला असतो, नांगरट उरकलेली असते आणि आभाळाकडे डोळे लावून बसायला अजून दोन-तीन आठवडे अवकाश असतो. अशाच एका संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन आला. तिला मुरबाड तालुक्यात दिली आहे. एरवी आक्का पिकापाण्याचे, लग्नकार्याचे बोलते. त्या दिवशी तिचा आवाज वेगळा लागला.

"पोरानं धनुष्य आणलंय," ती म्हणाली. "शहरातून. मोबाइलवर परदेशातली माणसं हरणं मारतात ते बघत बसतो आणि म्हणतो, मला पण जमेल. डुकरांनी वरईचं वाटोळं केलं तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलंय. यांचं ऐकत नाही. तू मामा आहेस, तुझा शब्द मोडायचा नाही. एकदा येऊन जा. उद्या त्याच्या हातात बेड्या पडल्या तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

बहिणीने असे म्हटल्यावर बसवते होय? दुसऱ्या दिवशी सकाळीच आळेफाट्याहून मुरबाडकडे जाणारी एस.टी. पकडली.

घाट उतरून

माळशेजचा घाट पावसाळ्यात पाहावा, असे सगळेच सांगतात. पण शेतकऱ्याने तो एकदा भर उन्हाळ्यातही उतरून पाहावा. धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर नुसते पांढरे ओघळ उरलेले असतात. वरची कोरडी हवा एकेका वळणाला मागे पडते आणि खाली पोचेपर्यंत सदरा अंगाला चिकटलेला असतो. घाटावर आम्ही विहिरीच्या पाण्याच्या गोष्टी करतो. इथली सारी शेती पावसावरची. सखल भागात भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. खाचरांच्या कोपऱ्यांतून काळे चौकोन दिसत होते. ते राब. शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजायची आणि पाऊस पडला की तिथेच भाताचे रोप टाकायचे, ही या भागाची जुनी रीत.

हा मुलूख तसा नावाजलेला आहे. पौषात भरणारी म्हशाची जत्रा म्हणजे इथला मोठा गुरांचा बाजार. मुरबाडच्या दक्षिणेला सिद्धगड उभा आहे. त्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्या लागून वीरमरण आले. डोंगर, दाट झाडी आणि ती वाचता येणारी माणसे हे इथले जुने धन. रान वाचणारी म्हणजे ठाकर, कातकरी, महादेव कोळी. त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्याशी माझी गाठ पडायची होती, पण घाट उतरताना मला त्याची कल्पना नव्हती.

भाच्याचे धनुष्य

भाचा घरीच होता. वीस-बावीस वर्षांचा, अंगाने काटक, बोलायला मोकळा. धनुष्य दाखव म्हटल्यावर लगेच काढून दाखवले. काळ्या रंगाचे, दोन्ही टोकांना चाके बसवलेले, तारेसारख्या दोऱ्यांचे. आपल्याकडच्या बांबूच्या तिरकमठ्याशी त्याचे काही नाते आहे असे वाटेना.

"मामा, डुकरांनी तीन रात्रींत वरई संपवली," तो म्हणाला. "आई-बाबांनी महिनाभर राखण केली ती फुकट गेली. मग आम्ही नुसतं बघत बसायचं?"

त्याचे दुःख खोटे नव्हते. घाटावर आमच्याकडेही हाच त्रास आहे. मी म्हटले, "डुकराची तक्रार वेगळी आणि हरणाची शिकार वेगळी. नुकसान झालं की लगेच वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाईचा अर्ज द्यायचा. पण वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे. सांबर, चितळ, भेकर यांतलं काहीही मारलं तर तो गुन्हा. अभयारण्यात शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. परवानगीवाचून नुसतं हत्यार घेऊन आत शिरलास तरी गुन्हा."

"मग ती परदेशातली माणसं?"

"तिकडे काही देशांत ठरलेल्या हंगामात, परवाना काढून, धनुष्यानं हरीण मारायला मुभा आहे. तिथला कायदा तिथे. तुझं रान इथे आहे."

भाचा गप्प बसला, पण पटले नव्हते. तरुण पोराला कायद्याची कलमे सांगून त्याचे मन वळत नाही, हे मला माहीत होते. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "बग बरं, मला दे ते."

शेजारच्या ठाकरवाडीतले बाबा येऊन बसले होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास. दाजींच्या वडिलांपासून त्यांचे या घरी येणे-जाणे. सारे त्यांना बाबाच म्हणतात. त्यांनी धनुष्य हातात घेतले, दोरी ओढून पाहिली, चाके फिरवून पाहिली आणि हसले.

"ताकद लई हाय. पण याला टप्पा कळतो का?"

भाचा म्हणाला, "त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, बाबा. दाबलं की अंतर सांगतं."

"मंग तुला काय कळतंय?" बाबांनी विचारले.

यावर भाच्याजवळ उत्तर नव्हते. बाबांनी धनुष्य परत दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, पुनव चार दिसांवर आली. तानसाच्या रानात पाणवठ्यावर जनावरं मोजायला बसवतात. मी दोनदा गेलोय. पोराला घिऊन चला. तितं शिकवतो त्याला टप्पा. पन ह्ये घरी ठिवायचं."

शहापूरच्या वाटेवर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते रानातल्या पाणवठ्यांवर मचाण बांधून जनावरांची नोंद घेते. वैशाखात बाकीचे ओढे-नाले आटलेले असतात, म्हणून जनावराला मोजक्याच पाण्यावर यावे लागते. आणि पौर्णिमेचा चंद्र मावळतीलाच उगवून रात्रभर उजेड देतो. नावे आधी नोंदवली की बाहेरच्या माणसांनाही बसायला मिळते. आम्ही तिघांची नावे दिली.

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला यायचे. या वाटेने जाताना पूर्वेला सह्याद्रीची भिंत सोबत करते आणि शहापूर जवळ आले की माहुलीचे सुळके दिसू लागतात. तिथून वायव्येला तानसाचे रान. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून इथले पाणी मुंबईला जाते. भातसा धरणही याच तालुक्यात. मुंबईकराच्या घरात नळ सोडला की या रानातला पाऊस घागरीत पडतो, आणि इथल्या वाड्यावस्त्यांवर बायाबापड्या वैशाखात हंडे घेऊन चालताना दिसतात. तो विषय मोठा आहे. आज तो बाजूला ठेवू.

धरणाभोवतालचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले. तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाडा, मोखाडा हे तालुके तिकडे गेले आणि शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले. जनावराला अर्थातच जिल्ह्याची हद्द माहीत नसते. साग, ऐन, खैर, मोह, मधून बांबूची बेटे. उन्हाळ्यात सागाची पाने झडून गेलेली असतात आणि पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो.

आमच्या मचाणावर आमच्याबरोबर एक तरुण वनरक्षक होता. पूर्वी तो विदर्भातल्या जंगलात नोकरी करून आला होता. त्याच्या गळ्यात दुर्बिणीसारखे एक लहान यंत्र लटकत होते. भाच्याचे डोळे एकदम चमकले. अंतर मोजायचे तेच यंत्र!

यंत्र आणि डोळा

ऊन उतरायला अवकाश होता. बाबा म्हणाले, "साहेब, जरा खेळ करू." वनरक्षक हौशी निघाला. मचाणापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही चौघे उभे राहिलो.

बाबांनी एका ऐनाकडे बोट केले. मी ३५ मीटर म्हटले. भाचा २० म्हणाला. बाबांना मीटर ठाऊक नाही, ते म्हणाले, "चाळीस पावलं." वनरक्षकाने यंत्र डोळ्याला लावून कळ दाबली. २७ मीटर! बाबा चालत गेले, मोजत. ४१ पावले भरली. त्यांचे पाऊल दोन-सव्वादोन फुटांचे. म्हणजे यंत्र आणि बाबा एकाच ठिकाणी पोचले होते. आम्ही मामा-भाचे मात्र दोन बाजूंना भरकटलो होतो.

मग नाल्यापलीकडचा खडक. भाचा ३५ म्हणाला, मी ४०. बाबा म्हणाले, "ऐंशीला दोन कमी." यंत्राने ५२ मीटर दाखवले. हिशेब करून पाहा, अठ्ठ्याहत्तर पावले म्हणजे तेवढेच.

"मधी खोलगट असलं की पल्याडचं जवळ दिसतं," बाबांनी समजावले. "मधली जमीन डोळ्याला दिसत नाय, मंग डोळा ती गिळून टाकतो. पाण्यापल्याड तसंच. पाऊस पडून हवा धुतली गेली, तरी लांबचं जवळ येतं. झाडीत नुसतं तोंड दिसलं तर जवळचं लांब वाटतं. तिन्हीसांजंला पन लांब वाटतं. आनि भेकर बारीक, म्हणून ते हाय त्यापेक्षा लांब वाटतं. सांबर थोराड, म्हणून जवळ वाटतं."

त्यांची मोजायची रीत मी विचारली. आधी वीस पावलांचा टप्पा मनात पक्का बसवायचा. मग नजरेने तो उचलून पुढे ठेवायचा, पुन्हा उचलून पुढे ठेवायचा. जसे आपण काठीने बांध मोजतो तसे. नाल्याची रुंदी काढायची तर आणखी सोपी युक्ती. काठावर ताठ उभे राहायचे, हाताचा तळवा कपाळावर छपरासारखा धरायचा आणि त्याची कड पलीकडच्या काठाला टेकलेली दिसेल इतका खाली आणायचा. मग मान व हात न हलवता अंगच वळवायचे आणि आपल्या काठावर ती कड कुठे टेकते ते पाहायचे. तिथपर्यंत पावले टाकली की नाल्याची रुंदी निघते. दोन्ही काठ साधारण एका पातळीत मात्र हवेत.

वनरक्षकाने दुसरी युक्ती दाखवली. हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरायचा. एक डोळा मिटून अंगठा एखाद्या खुणेवर आणायचा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटायचा. अंगठा बाजूला उडी मारतो. ती उडी किती लांब पडली ते अंदाजाने ठरवायचे आणि त्याची दहापट करायची. पलीकडच्या शेतात बैल आडवा उभा असेल आणि अंगठ्याने दोन बैलांएवढी, म्हणजे सुमारे ४ मीटर उडी मारली असेल, तर ते शेत ४० मीटरवर आहे. आपल्या दोन डोळ्यांत जेवढे अंतर असते त्याच्या साधारण दहापट आपला हात लांब असतो, म्हणून हा हिशेब जमतो.

आम्हा शेतकऱ्यांना आणखी एक माप अंगवळणी पडलेले असते. चौकोनी गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे जवळजवळ १० मीटर. आपल्या वावरात तीन गुंठे एका ओळीत डोळ्यांपुढे आणले की ३० मीटर झाले. हे मी सांगितले तेव्हा बाबांनी मान डोलावली. त्या दिवशी माझी एवढीच काय ती शाबासकी.

यंत्राचे काम असे. ते डोळ्याला न दिसणारा लेसरचा झोत सोडते. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, तेव्हा ३० मीटरवरून परत यायला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग पुरतो! एवढा बारीक वेळ मोजणारी वस्तू तळहातावर मावते याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

पण तिचीही खोड आहे. करवंदीच्या जाळीमागच्या वारुळावर वनरक्षकाने नेम धरला तर १४ मीटर आले. दोन पावले सरकून धरला तर ३१. पहिल्या वेळी झोत जाळीच्या पानावरच आपटून आला होता. बाबा मिस्कील हसले. "ते पानाला इचारून आलं. जनावरापत्तुर गेलंच नाय."

पाच पावलांची चूक

आम्ही मचाणावर चढलो. बोलायला अजून मुभा होती. भाच्याने विचारले, "पाच-सात पावलं चुकली तर असं काय बिघडतं, बाबा?"

बाबा लगेच बोलले नाहीत. आधी वनरक्षकाने कागदावर हिशेब मांडला. बाण सुटल्या क्षणापासून खाली पडत असतो. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला ४५ मीटर जातो असे धरले, तर २० मीटर जाईपर्यंत तो जवळजवळ १ मीटर खाली येतो, २५ मीटरला दीड मीटर आणि ३० मीटरला २ मीटरच्याही वर. म्हणून नेम वर धरावा लागतो. आता समजा, जनावर २५ मीटरवर आहे आणि आपण २० समजून बाण सोडला, तर तो एक फूट खाली लागतो. ३० मीटरवर असेल तर अडीच फुटांच्या आसपास खाली जातो.

"तुझ्या चाकाच्या धनुष्याचा बाण जास्त जोरात जातो, म्हणून तो कमी पडेल," वनरक्षक म्हणाला, "पण पडेलच. म्हणून तर परदेशातल्या शिकाऱ्यांच्या खिशात हे यंत्र असतं."

दुसरे असे की गोळी धक्क्याने पाडते, बाण तसा पाडत नाही. तो काळजात किंवा फुप्फुसात गेला तरच जनावर लवकर मरते. भेकराची ती जागा एका भाकरीएवढी. एक फूट चुकले की बाण पोटाखालून जातो, नाहीतर पायात बसतो. तिसरी गोष्ट दोरीच्या आवाजाची. २५ मीटरवर बाण पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. आवाज मात्र सेकंदाच्या चौदाव्या भागात पोचतो. दचकलेले जनावर तेवढ्यात जागचे हलते.

"आनि उतारावर?" बाबांनी मधेच विचारले. वनरक्षक म्हणाला, "उतारावर सरळ तिरपं अंतर धरायचं नाही. जमिनीवरचं आडवं अंतर धरायचं. निम्म्या काटकोनाच्या उतारावर तिरपं ३० मीटर असलं तर आडवं फक्त २१." मोजणीदार उतारावर साखळी आडवी धरतो ते मला आठवले. बाबा म्हणाले, "आमी एवढंच म्हणायचो, डोंगरावरनं खाली मारताना नेम खाली धर. बाण वर जातो." म्हणजे गणित तेच. एकाने पुस्तकातून शिकलेले, दुसऱ्याने डोंगराकडून.

मग बाबांनी त्यांची गोष्ट सांगितली. कायदा व्हायच्या आधीची, त्यांच्या विशीतली. दिवस मावळताना नाल्यापलीकडे भेकर उभे होते. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. वडिलांनी सांगून ठेवले होते की वीस-पंचवीस पावलांच्या आत आल्याशिवाय हात उचलायचा नाही. नाल्यामुळे ते टप्प्यात आल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात पाच-सहा पावले जास्त होते. बाण पोटाच्या खालच्या बाजूला लागला आणि भेकर पळाले.

"रगात बघत बघत गेलो. अंधार पडला. दुसऱ्या दिशी बा पन आला. नाय गावलं. तिसऱ्या दिशी गिधाडं उतरली तवा कळलं कुटं पडलं ते. मादी व्हती. पोटात पिलू व्हतं." बाबा थांबले. "बा काय बोल्ला नाय. माजा तिरकमठा घेतला आनि वरीसभर दिला नाय. म्हणाला, ज्याला टप्पा कळत नाय त्यानं रानात उपाशी ऱ्हावं, पन हात उचलू नये."

भाचा खाली बघत होता. मी विचारले, "आता गिधाडं दिसतात का, बाबा?" त्यांनी नुसता हात हलवला. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि ती हजारोंनी मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात बंदी आली. पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. गोठ्यात टोचलेली सुई रानातल्या आभाळापर्यंत कशी पोचते, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोजणीसाठी टप्पा

"मग साहेब, तुम्ही शिकार करत नाही, तर तुम्हाला हे यंत्र कशाला?" भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

वनरक्षक म्हणाला, "मोजायला." देशभरची वाघांची गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. तेव्हा वाघाचे खाद्य असलेली हरणे, सांबरे, डुकरे किती आहेत तेही पाहतात. रानात सुमारे दोन किलोमीटरची सरळ वाट आखतात आणि सकाळी तिच्यावरून चालतात. जनावर दिसले की किती दिसली, किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला, हे लिहायचे. अंतर या यंत्राने, दिशा होकायंत्राने. त्यावरून जनावर वाटेपासून आडवे किती लांब होते ते निघते. ४० मीटरवर, वाटेशी ३० अंशांच्या कोनात दिसले तर आडवे अंतर २० मीटर.

"पण दिसली तेवढी मोजली की झालं ना?"

"नाही. वाटेलगतची जवळजवळ सगळी दिसतात. जसजसं लांब जावं तसतशी झाडीत लपलेली सुटत जातात. किती अंतरावर किती दिसेनाशी होतात हे कळलं, की न दिसलेली किती असतील त्याचा हिशेब लागतो. अंतर चुकलं की तो सगळा हिशेब चुकतो. आजची पाणवठ्याची मोजणी त्या मानानं साधी आहे. कोण कोण आहे एवढं कळतं, पण तेही कळायला हवं."

बाबा हे लक्ष देऊन ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "म्हंजे न दिसलेल्याचा पन टप्पा काढता. ह्ये आमाला नव्हतं ठावं."

पुनवेची रात्र

दिवस मावळला आणि बोलणे बंद झाले. बिडी ओढायची नाही, खोकायचे नाही, विजेरी लावायची नाही. बाबांना बिडीवाचून रात्र काढायची म्हणजे शिक्षाच होती. त्यांनी एक बिडी न पेटवताच ओठांत धरली आणि ती पहाटेपर्यंत तशीच राहिली.

चंद्र वर आला तसे पाणी चकाकू लागले. चांदण्यात रंग दिसत नाहीत. सगळे राखाडी होते आणि प्रत्येक झुडूप हलल्यासारखे वाटते. साडेआठच्या सुमारास डुकरीण आली, मागे चार पिले. भाच्याची मूठ आवळलेली मी पाहिली. वरई खाणारी हीच जात. पण पिले चिखलात लोळून एकमेकांवर पडू लागली तेव्हा त्याच्याच चेहऱ्यावर हसू आले. त्याने वहीत लिहिले: रानडुक्कर, मोठे १, पिले ४.

नंतर किती तरी वेळ काहीच नाही. अकरा वाजून गेल्यावर डाव्या अंगाला कुत्रे भुंकावे तसा आवाज आला. थांबून पुन्हा. भेकर. त्याला काहीतरी दिसले असावे किंवा वास आला असावा. बाबांनी दोन बोटांनी मिशांची खूण केली, म्हणजे बिबट्या. अर्धा तास आम्ही श्वास रोखून बसलो. बिबट्या दिसला नाही आणि भेकरही पाण्यावर आले नाही. वनरक्षकाने नोंद केली: भेकर, फक्त आवाज.

पहाटे तीनच्या सुमारास माझा डोळा लागला असावा. बाबांनी गुडघ्याला हात लावून उठवले. समोरच्या सागांतून एक मोठी सावली सुटी झाली होती. सांबराची मादी. दोन पावले टाकायची आणि थांबायची, कान फिरवायची, पुन्हा दोन पावले. घोड्याएवढे अंग, पण पाचोळा वाजत नव्हता. ती पाण्याच्या काठाला आली तेव्हा तिच्या मागून एक पाडस पुढे झाले आणि आईच्या पोटाखालून मान काढून पाणी पिऊ लागले.

भाचा तिच्याकडे एकटक पाहत होता. वनरक्षकाने यंत्र पुढे केले. भाच्याने मान हलवून नको म्हटले. त्याने बाबांच्या कानाशी तोंड नेले आणि कुजबुजला, "पंचवीस पावलं?"

बाबांनी नजरेनेच मोजले. मग बोटे दाखवली. दोन वेळा दहा आणि एकदा सहा. भाचा एका पावलाने चुकला होता.

"टप्प्यात हाय," बाबा पुटपुटले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्याची दोन बोटे दोरी धरल्यासारखी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. पन्नास वर्षांची सवय ती. पाडस पाणी पिऊन झाल्यावर उगाच काठावर पाय आपटत राहिले. आई वळली तसे तेही वळले आणि दोघे सागांत दिसेनासे झाले. भाच्याने वहीत लिहिले: सांबर, मादी १, पाडस १.

परतीची वाट

सकाळी वही सुपूर्द करून आम्ही शहापूरला आलो. चहा झाला, बाबांची बिडी पेटली. किन्हवलीच्या वाटेला लागल्यावर भाच्याने विचारले, "बाबा, धनुष्याचं काय करू?"

"निशाणा लाव की," बाबा म्हणाले. "भाताचा पेंढा बांध, त्यावर भाकरीएवढं गोल काढ. मी येतो शिकवायला. पेंढ्याला लागलं काय, नाय लागलं काय, कुनी तीन दिस रगात सांडत पळत नाय."

घरी पोचलो तेव्हा आक्का दारातच उभी होती. तिने आधी लेकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हटले, "आक्का, पोराला पुढच्या पुनवेला पण जायचंय." ती काही बोलली नाही. आत जाऊन भाकऱ्या टाकायला बसली. बाबांसाठी जरा जाड भाकरी करतात या घरी. ती तिने आधी थापली.

दोन दिवसांनी मी एस.टी.ने परत घाट चढलो. खिडकीशी बसून एकेका झाडाचे अंतर मनाशी धरत होतो. हा पळस चाळीस पावले, ती आंब्याची फांदी साठ. गाडी थांबेल तिथे उतरून मोजावेसे वाटत होते, पण बाकीचे उतारू काय म्हणाले असते?

आमच्या घरी आता संध्याकाळी मुलांचा हाच खेळ चालतो. बांधावरच्या बाभळीपर्यंत किती, विहिरीपर्यंत किती. आधी सांगायचे, मग चालत जाऊन मोजायचे. आपल्याही घरी लावून पाहा. पैसा लागत नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच चुकतात. मी अजून चार-पाच पावलांनी चुकतो. बाबांच्या हिशेबाने पाहिले तर मला अजून वर्षभर तिरकमठा मिळायचा नाही.